ब्रेकताईचं तिसरं वर्ष

माझी आत्येबहीण आर्किटेक्चर शिकायला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्यासोबत एक सुटकेस, एक गुंडाळलेली गादी आणि जवळजवळ तिच्याच उंचीचा एक ड्रॉइंग बोर्ड होता. माझ्या खोलीत दोन माणसं मावत होती. दोन माणसं आणि एक बोर्ड मावत नव्हता. शेवटी बोर्ड दारामागे उभा केला आणि त्या दिवसापासून आमचं दार कधी पूर्ण उघडलंच नाही. आत यायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन यावं लागे. आईला ते जमायचं नाही, त्यामुळे आमचा पसारा कायम शाबूत राहिला.

घराच्या तळमजल्यावर बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराबाहेर उभ्या दोन पांढऱ्या गाड्या. शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असलेल्या. बाबा एरवी लोण्यासारखे मऊ. पण गाडीत बसले की काय व्हायचं देव जाणे, त्यांचा आवाज आपोआप चढायचा. "क्लच! क्लच म्हटलं मी! हा नाही, तो!" सकाळच्या बायकांच्या बॅचमधल्या कितीतरी जणी दुसऱ्या दिवशी फिरकायच्याच नाहीत.

ताईच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बाबांच्या पाठीने संप पुकारला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला भरपूर, पण गाडीत फार वेळ बसू नका. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे न्हाव्याला कात्रीला हात लावू नको म्हणण्यासारखं. बाबा तोंड पाडून बसले. ताई म्हणाली, "मामा, सकाळची बॅच मी घेते. कॉलेज नऊला असतं."

"तुला झेपेल?"

"गाडी मी तुझ्यापेक्षा बरी चालवते, हे आईसुद्धा म्हणते."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने म्हटलं म्हणजे बाबांपुढे इलाज नव्हता. शिवाय ताईलाही चार पैसे हाताशी हवे होते. आर्किटेक्चरवाल्यांना पुठ्ठे, कागद आणि प्रिंटा अशा काही लागतात की वाटावं, ही माणसं ते खातात की काय. रीतसर परवाना वगैरे काढून ती शिकवायला लागली.

आणि तिला ते फारच छान जमलं. ती ओरडायची नाही, हसायची नाही, हातातून स्टिअरिंग हिसकावून घ्यायची नाही. किराणा दुकानवाल्या काकू तेव्हा नवीनच शिकत होत्या. मोठ्या चौकात समोरून बस आली आणि काकूंनी घाबरून नेमका ॲक्सिलरेटर दाबला. "ब्रेक! ताई, ब्रेक!" अशी त्यांनी किंकाळी फोडली, तोवर गाडी थांबलीसुद्धा होती. ताईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून ठेवला होता आणि शांतपणे म्हणत होती, "आता गिअर काढा, आणि श्वास घ्या." काकूंनी ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. महिन्याभरात माझी ताई सगळ्या भागाची ब्रेकताई झाली.

कॉलेज आणि गाडी यांची सांगड तिने अशी घातली, की शेवटच्या शिकाऊ बाईचा रस्ता बरोबर कॉलेजच्या फाटकाशी संपायचा. तिथे रिव्हर्स घेऊन गाडी लावायला शिकवायची आणि उतरून वर्गात पळायचं. बाबा चालत तिथवर यायचे, कारण चालायला सांगितलंच होतं, आणि शिकाऊ बाईला घेऊन गाडी परत आणायचे. माझं कॉलेज त्याच रस्त्यावर, म्हणून मीही मागच्या सीटवर बसून फुकटात जायचे. आमच्या हाताखालून गेलेल्या बायकांपैकी निम्म्यांना बरेच दिवस वाटत होतं, की शहरात गाडी लावायची जागा म्हणजे आर्किटेक्चर कॉलेजचं फाटक.

दुसरं वर्ष असं रेटलं गेलं. तिसऱ्या वर्षी मात्र गाडी घाटाला लागली.

तिसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांचा दरारा सगळ्या कॉलेजात होता. ठेंगणी मूर्ती, बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. घंटा झाली की दार बंद. मग बाहेर प्राचार्य उभे असले तरी बाहेरच. ताई रोज त्या दाराच्या फटीतून आत घुसायची. जागरणं आणि पहाटेचं उठणं यांचा हिशेब कुठेतरी चुकता व्हायचाच, तो पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या तासाला व्हायचा. तिच्या शेजारची मुलगी सांगायची, "ही बसल्या बसल्या झोपते, आणि झोपेत उजव्या पायाने जमीन दाबत असते."

एका सकाळी बाबांनी खालून हाक मारली. "नवीन ॲडमिशन आहे गं. कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. त्यांना पहिलीच वेळ हवी आहे."

ताई किल्ली फिरवत जिना उतरली. मी मागोमाग होते. टेबलापाशी डिझाइनच्या बाई उभ्या होत्या.

"तू?" बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"ब्रेकताई म्हणतात ती तूच?"

ताईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट बघितलं, चष्मा उतरवला.

"ठीक आहे. एक आधीच ठरवू. इथलं तिथे न्यायचं नाही, तिथलं इथे आणायचं नाही."

"चालेल, बाई."

"आणि गाडीत मला बाई म्हणू नकोस. मला वर्गात असल्यासारखं वाटेल आणि मी तुझ्या चुका काढायला लागेन."

"मग काय म्हणू?"

ताईने त्यावर तोडगा काढला. तिने त्यांना काही म्हणायचंच सोडून दिलं. "क्लच दाबायचा. दाबला? आता सोडायचा. हळू. अजून हळू." असं कुणाला उद्देशून नसलेलं मराठी ती पुढे कितीतरी महिने बोलत राहिली.

बाईंना या वयात गाडी कशाला शिकायची होती, ते त्यांनीच एकदा सांगितलं. आयुष्यभर गाडी त्यांचे यजमान चालवायचे. दर रविवारी दोघं कुठेतरी जुनी इमारत बघायला निघायचे. आता यजमानांची नजर अगदी अधू झाली होती. "गाडी अंगणात धूळ खात उभी आहे, आणि हे रविवार आला की तिला फडकं मारतात," बाई म्हणाल्या. "मला ते बघवत नाही."

बाईंची अडचण हातापायांची नव्हती, डोळ्यांची होती. त्यांना रस्ता दिसतच नसे, इमारती दिसत. "अगं, त्या गॅलरीचा कठडा बघ! काय सुरेख वळवलाय!" की गाडी निघाली त्या कठड्याच्या दिशेने.

"रस्ता," ताई म्हणायची. "रस्त्याकडे बघायचं."

"हो हो. पण वरची खिडकी कुणी बदलली? सगळी वाट लावली."

"रस्ता."

ही गंमत बघायला मी हल्ली पहिल्याच बॅचला मागे बसत असे, खिडकीच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून.

त्याच सुमाराला ताईच्या वर्गाला काम मिळालं होतं, वस्तीतल्या छोट्या दवाखान्याचा आराखडा. ताईने तो दोन बॅचेसच्या मधल्या वेळात, गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून, उरलासुरला वेळ वेचून काढला. बघायला देखणा होता. पुढे गोल भिंत, मधे चौक, वर जाणारा नाजूक जिना. बाईंनी भर वर्गात तो भिंतीवर लावायला सांगितला आणि पेन्सिल टेकवून आराखड्यातल्या दारापासून चालायला सुरुवात केली.

"मी आजारी आहे. ताप आहे. आत आले. डॉक्टर कुठे?"

"वर," ताई म्हणाली.

"म्हणजे ताप घेऊन जिना चढायचा. बरं, चढले. औषध कुठे?"

"खाली. मागच्या बाजूला."

"म्हणजे उतरायचं, चौकाला वळसा घालायचा. मी बहुतेक वाटेतच आडवी होणार. कुणी उचलायला येईल का? त्यांना तरी कळेल का, मी कुठे पडले आहे ते?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. "भिंत छान आहे," त्या म्हणाल्या. "दवाखाना नाहीये."

ताईने त्या दिवशी घरी येऊन बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. सगळ्यात लागलं ते हे, की बाईंचं म्हणणं खरं होतं. वेळ हातात असता तर हे तिच्याही लक्षात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत ताई क्लच आणि ब्रेक एवढंच बोलत होती. उड्डाणपुलाच्या चढावर पुढच्या गाड्या अडल्या, बाईंनी गाडी थांबवली, आणि पुन्हा सुरू करताना इंजिन बंद पडलं. परत सुरू केलं, परत बंद. मागे हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. बाईंचे तळहात ओले झाले होते. त्या रुमालाने ते पुसत होत्या, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला एखाद्या घाबरलेल्या विद्यार्थिनीसारखा दिसला. मी मनात म्हटलं, ताई, हीच वेळ आहे. कालचं उट्टं काढायला एक वाक्य टाक.

ताईने हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, "वाजवू दे त्यांना. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. क्लच अर्धा सोडायचा, गाडी थरथरते का बघायचं. थरथरली? आता हँडब्रेक खाली."

गाडी उचलली. पूल ओलांडून गेल्यावर बाईंनी विचारलं, "कालचं मनात ठेवलंस का?"

"तिथलं इथे आणायचं नाही असं ठरलंय."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की सिग्नलला गाडी पुन्हा बंद पडली.

सत्र संपत आलं. इकडे ताईला अख्ख्या दवाखान्याचे आराखडे आणि मॉडेल द्यायचं होतं, तिकडे बाबांच्या शिकाऊंच्या चाचण्या एकदम आल्या. जी ती म्हणे, "ब्रेकताई, मला जास्तीचा एक दिवस द्या ना." आणि ताईला नाही म्हणता येत नसे. सकाळच्या दोन बॅचेसच्या चार झाल्या. आई रोज कुरकुरायची, "ही पोर आजारी पडेल." बाबा म्हणायचे, "तीच नको म्हणत नाहीये." दोघांचंही खरं होतं. शेवटी ताईने जे मॉडेल दिलं त्याला छप्परच नव्हतं. "उन्हाळ्यापुरता दवाखाना आहे," ती माझ्याजवळ म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला.

निकाल लागला. डिझाइनमध्ये नापास. सही बाईंची.

तिने आत्याला फोन केला तेव्हा मी शेजारीच बसले होते. आत्याचा आवाज असा आहे, की स्पीकर लावावा लागत नाही.

"नापास? सगळ्यात?"

"नाही गं, एकात."

"मग बाकीच्यांत पास ना? आधी ते सांगायचं. माझे प्राण कंठाशी आणलेस."

"आई, पण तोच मुख्य विषय आहे."

"मग तो परत दे. रडून झालंय की व्हायचंय?"

"व्हायचंय."

"मग ते आटपून घे, आणि जेव."

ताईने फोन ठेवला आणि खरंच रडून घेतलं. मग जेवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आईचा पारा चढला. "रोज आपल्या गाडीत बसते ती बाई! आणि आपल्याच मुलीला नापास करते? जा, जरा बोल तिच्याशी. काही लाज म्हणून असते की नाही?"

"मामी, असं नसतं," ताई म्हणाली.

"मग कसं असतं?"

"छप्पर नव्हतं, मामी."

त्या दिवशी संध्याकाळी बाईंची जास्तीची शिकवणी ठरलेली होती. गुरुवारी त्यांची चाचणी होती. ताई किल्ली घेऊन निघाली तेव्हा बाबांनी तिला अडवलं. "आज राहू दे की. मी जातो. त्यांनी तुला नापास केलं, आणि तू त्यांना रिव्हर्स शिकवायला निघालीस?"

"त्यांना रिव्हर्स येत नाही, मामा," ताई म्हणाली. "आणि तू गेलास तर ओरडशील."

तरीही व्हायचं ते झालंच. चाचणीच्या मैदानावर बाईंनी चढ पार केला, वळणं नीट घेतली, आणि रिव्हर्स घेताना मागचा प्लास्टिकचा शंकू हळुवारपणे, जवळजवळ मायेने, आडवा केला. परीक्षकाने कागदावर फुली मारली. मी आणि ताई कुंपणाबाहेर उभ्या होतो. ताईने डोळे मिटून घेतले. स्वतःच्या निकालालाही तिने इतकं वाईट तोंड केलं नव्हतं.

बाई येऊन आमच्या गाडीत बसल्या.

"किती वेळा देता येते?" बाईंनी विचारलं.

"जमेपर्यंत."

"तुझीही तशीच देता येते."

"माहीत आहे."

मग बाईंनी स्वतःच केलेला नियम मोडला. "पाठ तुझ्या मामाची दुखते आहे. इतक्या बॅचेस तू कशाला घेतेस? पैशांसाठी?"

"आधी पैशांसाठीच घेत होते." ताई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. "आता... कॉलेजात मला रोज वाटतं, की आपल्याला काही येत नाही. सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. सकाळी गाडीत बसलं की वाटतं, नाही, आपल्याला येतं काहीतरी. समोरची बाई घाबरत घाबरत येते आणि माझ्या शेजारी बसून शिकते. ते सोडवत नाही."

मी मागे चुळबुळत होते. एका खोलीत राहून मला हे कधी कळलं नव्हतं.

बाईंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "मला वीस वर्षं वर्गात उभं राहून असंच वाटायचं," त्या म्हणाल्या. "फक्त मी ते कुणाला सांगत नसे. सोडू नकोस. पण एकच बॅच ठेव. पहिली. आणि त्यात मला घे, कारण मला दुसऱ्या कुणाकडून शिकायचं नाहीये."

"तुम्ही माझ्या भल्याचं सांगताय की तुमच्या?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "आता चल, मला तो शंकू बघवत नाही."

एकच बॅच ठेवायची म्हणजे बाकीच्या कुणी घ्यायच्या? बाबांना घाम फुटला. ताईनेच नाव सुचवलं, किराणा दुकानवाल्या काकू. एव्हाना काकू दुकानाचा माल स्वतः गाडीतून आणत होत्या आणि भरल्या बाजारातून अशा गाडी काढायच्या की भलेभले बाजूला व्हायचे. "त्या?" बाबा ओरडले. "त्यांचा आवाज माझ्याहून मोठा आहे!" पण काकू ओरडल्या की लगेच हसायच्याही, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. शिकवण्याचा परवाना त्यांनी पहिल्या फटक्यात मिळवला आणि पेढे नाहीत तर नाहीत, अख्ख्या गल्लीला दुकानातली बिस्किटं वाटली.

ताईच्या हाती सकाळ आली. दवाखान्याचा आराखडा तिने फाडून टाकला आणि नव्याने काढायच्या आधी बाबांना घेऊन खऱ्या दवाखान्यात गेली. पाठ दाखवायची होतीच. बाबांचा नंबर येऊन गेला तरी ही बाकावरून उठेना. कडेवर मूल घेऊन आलेली बाई दार कोणत्या हाताने ढकलते, काठी टेकत आलेले आजोबा आधी कुठे बघतात, औषधवाला हाक मारतो ती शेवटच्या बाकापर्यंत पोचते की नाही, सगळं टिपत बसली. बाबा घरी येऊन म्हणाले, "माझ्या पाठीच्या निमित्ताने हिने सगळ्या दवाखान्याची तपासणी केली. डॉक्टर मला विचारत होते, या कुठल्या खात्यातून आल्यात."

नवा आराखडा बघायला साधा होता. गोल भिंत गेली, जिना गेला. दारातून आत आलं की डॉक्टरांचं दार दिसायचं आणि परत फिरलं की औषधाची खिडकी. बाईंनी पुन्हा पेन्सिल घेऊन चालून बघितलं. आजारी पडून आल्या, औषध घेऊन बाहेर गेल्या, कुठे आडव्या झाल्या नाहीत.

"पास," त्या म्हणाल्या. "बाहेरचं दार अजून अरुंद आहे. स्ट्रेचर तिरकं करावं लागेल."

गुण बेताचेच दिले. ताईने त्याच आठवड्यात दार रुंद केलं, गुणांशी संबंध नसताना.

बाईंना लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं. त्यानंतरच्या रविवारी त्या स्वतःची गाडी घेऊन आमच्या दाराशी आल्या. शेजारी काळा चष्मा लावलेले त्यांचे यजमान, छान इस्त्रीच्या शर्टात. "चला दोघी," बाई म्हणाल्या. गावाबाहेर एक बंद पडलेली जुनी पाण्याची टाकी होती, विटांची, तिथे आम्ही गेलो. यजमान भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "सांगा, काय दिसतंय." बाई कमानींबद्दल सांगायला लागल्या, ताई मधेच म्हणाली, "नाही, त्या कमानी नंतर बुजवल्यात, विटांचा रंग वेगळा आहे." बाई म्हणाल्या, "कुठे? दाखव." दोघी वाद घालत टाकीला फेऱ्या मारू लागल्या. यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, "एका वेळी एकीने बोला म्हणावं. माझी टाकी गोल आहे की चौकोनी हेच अजून कळलं नाही."

"गोल आहे, काका," मी म्हटलं.

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि खूश झाले.

पुढची वर्षं ताईने पहिल्या बॅचवर काढली. कधी एखादी बॅच वाढवायचा मोह व्हायचा, मग काकूच तिला दटावायच्या. पदवी मिळाली, ना फार वरच्या नंबराने ना फार खालच्या. आत्या त्या समारंभाला आली आणि टाळ्या इतक्या वाजवल्या की पुढच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले.

आता ताई दुसऱ्या शहरात एका छोट्या ऑफिसात काम करते. तिथे शाळा, दवाखाने अशीच कामं येतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने आत्याला फोन केला, मग आत्याने तो सगळा संवाद आम्हाला ऐकवला.

"काय काम दिलंय गं तुला?"

"एका शाळेचं, आई."

"अरे वा! सगळी शाळा?"

"नाही, मुलींची स्वच्छतागृहं."

आत्या म्हणाली, "चांगलं आहे की. आमच्या शाळेत नव्हतीच. नीट काढ, आणि कडी आतून लागेल असं बघ."